दर्शन देवाचे आणि जंगलाचेही



उद्या पहाटे आपली बस मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला निघेल. त्याआधी मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे.

आपल्यातले बहुतेक जण तिथे जाऊन आलेले आहेत. पायऱ्या उतरायच्या, रांग लावायची, ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यायचे आणि परतायचे. फार तर ती मोठी पोर्तुगीज घंटा पाहायची. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ती आणली, असे सांगतात. शिखराच्या कामाशी नाना फडणवीसांचे नाव जोडलेले आहे. इतिहासाचा तास इथे संपला; आता थोडा भूगोल.

भीमा इथे उगम पावते. पुढे तिच्यावर उजनी धरण आहे, पंढरपुरात तीच चंद्रभागा होते आणि शेवटी कृष्णेला मिळते. डोंगरावरचा पाऊस हे जंगल धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. १९८५ मध्ये इथे अभयारण्य झाले, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे. आपला राज्यप्राणी शेकरू इथलाच. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. फांदीवरून फांदीवर जातो. मधली चार झाडे गेली की त्याचा रस्ताच तुटतो.

या डोंगरात जागोजागी देवराया आहेत. देवाची म्हणून महादेव कोळ्यांनी आणि इतर गावकऱ्यांनी त्यांना कुऱ्हाड लावली नाही. म्हणजे देवाने जंगल राखले. आता देवाला येणाऱ्या आपल्या गर्दीनेच ते उणे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

म्हणून तीन विनंत्या. पाण्याची बाटली घरून आणा. नेलेले प्लास्टिक बसमधून परत येईल. माकडांना वेफर्स घालू नका. आणि दर्शनानंतर लगेच जेवणाकडे धावू नका. ज्यांना चालवेल त्यांनी गुप्त भीमाशंकरच्या वाटेने जंगलात जाऊन या, गप्पा थोड्या आवरून. शेकरू दिसला तर भाग्य. नाही तर त्याची घरटी तरी दिसतील.

जाताना पायऱ्या उतरणीच्या आहेत, येताना चढायच्या. सरांना आणि बाईंना दोन्ही वेळा हात द्या. त्यांनी आपल्याला बरेच चढ चढवले आहेत.