गाडीतला सेट घरात

हौशी रेडिओचा परवाना हाती आला की प्रश्न पडतो, ड्युअल बँड सेट गाडीसाठी घ्यावा की घरासाठी? माझं मत, गाडीत बसणाराच घ्या. घरी त्याला १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय जोडला की झालं. पन्नास वॉटवर बोलताना सेट दहा-बारा अँपिअर ओढतो, म्हणून पॉवर सप्लाय वीस अँपिअरचा असावा.

दोन बँड म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. दुकानात सगळे वॉट विचारतात. पण पाचाचे पन्नास वॉट केले तरी मध्ये डोंगर आला की आवाज बहुधा तिथेच अडतो. मुशायऱ्यातही नुसता आवाज चढवून शेर पोचत नाही! त्यापेक्षा गच्चीवर उंच अँटेना लावा आणि केबल जाड घ्या. पातळ केबल वीस मीटर खाली आणली, तर वरच्या बँडवर निम्म्याहून अधिक ताकद वाटेतच जिरते.

आणि बॅटरी! २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत अनेक ठिकाणी वीज गेली, मोबाइल मुके झाले. अशा रात्री भिंतीतल्या प्लगवर जगणारा सेट काय कामाचा? नुसतं ऐकताना सेट साधारण अँपिअरभराच्या आतच घेतो. चाळीस अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी दिवसभर पुरते. आमच्याकडे ती टेबलाखाली असते. पाय लागतो म्हणून घरात कुरकुर होते, पण अजून कुणी हलवलेली नाही.