१०६६, सातारा आणि आत्याचं नाव

बसमध्ये असाल, शेतात असाल, नाहीतर अभ्यासाच्या नावाखाली इअरफोन घालून बसला असाल, तर आज जरा नीट ऐका. आजचा भाग इंग्लंडच्या हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून करायची आहे.

मागच्या वर्षी माझे वडील गेले. दिवसपाणी झालं आणि मग सगळ्यांच्या घरी होतं तेच सुरू झालं, वारसनोंद. त्यासाठी जुने उतारे काढले. आमचं गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पण पेटीतल्या जुन्या कागदावर जिल्हा सातारा. मधल्या एका कागदावर दक्षिण सातारा. गाव जागचं हललं नाही, जिल्हा मात्र बदलत गेला. १९४९ मध्ये साताऱ्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज अशा संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

आजोबा १९८४ साली गेले, तेव्हाचा फेरफार मी वाचला. वारस म्हणून एकच नाव होतं, माझ्या वडलांचं. आत्याचं नावच नाही. आत्या शेजारीच शेंगा निवडत बसली होती. मी विचारलं, ‘‘आत्या, तुझं नाव कुठाय गं?’’ ती म्हणाली, ‘‘माझं कशाला असेल? मी काय तिथं राहत होते का?’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात मी या भागाची तयारी करत होते. विषय होता नॉर्मन लोकांनी इंग्लंड कसं ताब्यात घेतलं. आणि मला दिसायला लागलं की दोन्ही गोष्टी एकच आहेत. राज्य तलवारीनं घेता येतं, पण ते पक्कं होतं नोंदीनं. वारस कोण, हे लिहिणारा जो असतो, तोच खरा मालक.

आता इंग्लंडला जाऊ. १४ ऑक्टोबर १०६६. हेस्टिंग्जजवळ एका दिवसात लढाई झाली. इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड पडला. समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम जिंकला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी लंडनमध्ये त्यानं स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. त्याच्याबरोबर आलेली माणसं काही हजार. समोर अख्खा देश. मग एवढ्या थोड्या लोकांनी देश धरून ठेवला कसा?

पहिली पायरी, वचन. विल्यमनं लंडनच्या लोकांना एक छोटी सनद दिली. फ्रेंचमध्ये नाही, लोकांच्या इंग्रजीत. त्यात मतलब असा की तुमचे जुने कायदे चालू राहतील आणि बापामागं पोर वारस होईल.

आता साताऱ्यात या. फेब्रुवारी १८१८. दुसरा बाजीराव पळतोय, अजिंक्यताऱ्यावर इंग्रजांचं निशाण चढलंय. एल्फिन्स्टन साताऱ्यातून जाहीरनामा काढतो. त्यात काय? वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं यांचा सांभाळ होईल, कुणी घाबरू नये. साडेसातशे वर्षांचं अंतर, पण जिंकणारा आधी तेच बोलतो : तुमचं तुमच्याकडंच राहील.

दुसरी पायरी, वरची माणसं बदलणं. इंग्लंडच्या जुन्या सरदारांनी बंडं केली. विल्यमनं १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तरेकडचा मुलूख जाळून काढला. जमिनी काढून घेतल्या, आपल्या माणसांना वाटल्या, आणि जागोजागी मातीचे उंचवटे करून त्यावर लाकडी किल्ले उभे केले. वीस वर्षांत थेट राजाकडून मोठी जमीन धरणारे इंग्रज बोटांवर मोजण्याइतके उरले.

साताऱ्यात हे सावकाश झालं. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. १८१९ च्या तहानं वारणा आणि नीरा यांच्यामधला मुलूख त्यांच्याकडं ठेवला. शेजारी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशीही तह झाला. पण साताऱ्याच्या तहात मेख होती. बाहेरच्या कुणाशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही. पुढं याच मुद्द्यावर महाराजांवर कटाचा आरोप ठेवला, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. तिथंच १८४७ मध्ये ते वारले.

त्यांच्या जागी भाऊ शहाजी, म्हणजे आप्पासाहेब महाराज बसले. एप्रिल १८४८ मध्ये तेही गेले. पोटचा मुलगा नव्हता, म्हणून मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता. आपल्या धर्मशास्त्रात दत्तक म्हणजे मुलगाच. पण गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला, हा वारस आम्हाला मान्य नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क खालसा करायच्या विरोधात होता, त्याचंही ऐकलं नाही. डलहौसीनं वारस नाही म्हणून खालसा केलेलं पहिलं मोठं राज्य सातारा. झाशी, नागपूर ही नावं नंतरची.

लक्षात घ्या, साताऱ्यासाठी १८४८ मध्ये लढाई झालीच नाही. वारसाच्या रकान्यात काय लिहायचं, एवढाच प्रश्न होता. शेजारी सांगलीला वारस मान्य होत गेले, म्हणून ते संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं.

प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते. एकदोन नाही, जवळपास चौदा वर्षं तिथं राहिले. अर्ज केले, सभांमधून बोलले, पत्रकं छापली. राजा गेला, गादी गेली, तरी ते लढत होते आणि १८५३ मध्ये रिकाम्या हातानं परत आले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा बेत झाला, तो फुटला. रंगो बापूजी निसटले, पुढं सापडलेच नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम मात्र फाशी गेला. त्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. आधी चौदा वर्षं अर्ज केले होते, हे विसरू नका.

तिसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. दप्तर.

१०८५ च्या नाताळात विल्यमनं हुकूम सोडला, सगळा देश मोजा. पुढच्या वर्षी माणसं गावोगाव गेली. गावात नांगर किती, बैल किती, गिरण्या किती, जंगल किती. आणि मुख्य प्रश्न : जुन्या एडवर्ड राजाच्या वेळी ही जमीन कुणाची होती, आणि आता कुणाची आहे? तेरा हजारांवर ठिकाणांची नोंद झाली. या वहीला पुढं लोक डूम्सडे बुक म्हणायला लागले. डूम्सडे म्हणजे कयामतीचा दिवस. त्या दिवशीच्या निवाड्यावर जसं अपील नाही, तसं या वहीवर नाही.

जरा विचार करा, आधी कुणाची, आता कुणाची. हे काय आहे? हा फेरफारच आहे की! अख्ख्या देशाचा एक फेरफार, एका दमात मंजूर.

आपल्याकडं तेच काम दोन बाजूंनी झालं. एक, १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं. १८१८ मध्ये म्हणाले होते इनामं राहतील. चौतीस वर्षांनी विचारलं, पुरावा दाखवा. पेशवे दप्तर त्यांच्याच ताब्यात, सनदा ताडून बघणारेही तेच. पिढ्यानपिढ्या चालत आलेली कितीतरी इनामं गेली. वचन मोडलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण कागद अपुरा होता ना!

दुसरं, जमिनीची मोजणी. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूरपासून सुरू केलेली पद्धत नंतर आपल्याकडंही आली. साखळी लावून मोजणी, एकर आणि गुंठे, आण्यांत जमिनीची प्रत, तीस वर्षांसाठी सारा ठरलेला. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर आणि समोर एका माणसाचं नाव.

इथं एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. डूम्सडेमध्ये राबणाऱ्या शेतकऱ्याचं नाव सहसा नाहीच, नुसती संख्या. गावात इतके कुणबी, इतके गुलाम. आपल्या रयतवारीत मात्र कुळंब्याचं नाव वहीत आलं. ही मोठी गोष्ट होती. पण नाव आलं, म्हणजे त्या नावावर कर्जही चढवता आलं. सावकाराचा रोखा, कोर्टाची डिक्री आणि जमीन गेली. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी उठले, सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. त्यांनी काय मागितलं? सावकाराचे कागद. आणि ते जाळले. गावच्या अडाणी म्हटलेल्या माणसाला बरोबर कळलं होतं की जोर कशात आहे.

आता भाषेची गंमत बघा. नॉर्मन आले, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच आली. म्हणून आज इंग्रजीत जज, कोर्ट, टॅक्स, रेंट हे शब्द फ्रेंचकडून आलेले. पण ऑक्स, प्लाऊ, फील्ड, ब्रेड हे जुनेच. गोठ्यात असताना काऊ, साहेबाच्या ताटात आली की बीफ. काऊ शेतकऱ्याचा शब्द, बीफ फ्रेंच बोलणाऱ्याचा. कोर्टातलं लोकांना कळत नाही म्हणून १३६२ मध्ये कोर्टात इंग्रजीतच बोलायचं असा कायदा करावा लागला. तीनशे वर्षं!

आपला सातबारा त्याच नजरेनं वाचा. जमीन, कब्जेदार, हक्क, वारस, तहसीलदार, दाखला, नक्कल : हे फारसी-अरबीतून आलेले, बहमनी आणि आदिलशाहीच्या वेळचे. त्यावर कलेक्टर, कोर्ट, स्टॅम्प, सर्व्हे नंबर हे इंग्रजांचे. आणि नांगर, बैल, शेत, माती, भाकरी आपली. दोन राज्यं येऊन गेल्याची खूण एका कागदावर आहे. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, कारभाराचे शब्द आपले असावेत म्हणून.

मग सगळंच बदललं का? नाही. नॉर्मन लोकांनी जुने परगणे, गावसभा, शेरीफ तसेच वापरले. इंग्रजांनी पाटील-कुलकर्णी तसेच ठेवले. खालचं चाक जुनंच बरं असतं, वरून फक्त दांडा आपल्या हातात हवा. नॉर्मन मात्र तिथंच राहिले, तिथल्याच पोरींशी लग्नं केली, काही पिढ्यांत इंग्रज होऊन गेले. आपल्याकडचे साहेब पेन्शन घेऊन परत गेले. जाताना वही मात्र इथंच ठेवून गेले, आणि ती आता आपण लिहितो.

आपण लिहितो, म्हणूनच मला आत्याकडं परत यायचंय.

१९८४ मध्ये इथं ना विल्यम होता, ना डलहौसी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडलांच्या हिश्शात मुलीचाही वाटा होता. तरी वारसांची यादी सांगताना घरातल्याच कुणीतरी एक नाव सांगितलं नाही. तलवार नाही, भांडण नाही. एक रकाना मोकळा राहिला आणि चाळीस वर्षं मोकळाच राहिला. ‘वारस मान्य नाही’ हे वाक्य डलहौसीनं लिहिलं की आपल्याला राग येतो. आपल्या घरात ते न लिहिताच चालतं.

मी भावाला म्हटलं, दादा, आत्याचं नाव लावू या. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘‘पोरं मोठी झाल्यावर वाद होतील गं.’’ मी म्हटलं, वाद आत्ताच झालाय, फक्त आत्या बोलली नाही एवढंच. मग आम्ही दोघं वकिलांकडे गेलो. जुना फेरफार दुरुस्त करायला अपील करावं लागतं, उशीर का झाला तेही सांगावं लागतं. अर्ज दिलाय. निकाल अजून नाही.

आत्याला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. म्हणाली, ‘‘मला नको जमीन, भावाची पोरं आहेत.’’ मी म्हटलं, तुला द्यायची असेल तर दे की. पण आधी तुझं नाव तर लागू दे. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘‘कागदावर नाव कसं लिहितील? माहेरचं का सासरचं?’’

तर मंडळी, आज एक काम करा. मोबाइलवर तुमच्या घरचा सातबारा काढा, आणि जमलं तर आजोबांच्या वेळचा फेरफारही. वाचा. कुणाचं नाव आहे ते बघाच, पण कुणाचं नाही ते आधी बघा. आणि घरात कुणी मोठी बाई असेल, तर तिला विचारा. तिला माहीत असतं.

भेटू पुढच्या भागात. राम राम.