चुलीपाशी भरलेली शाळा



बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. विषयाची निवड त्यांनी माझ्यावर सोपवली होती. आयुष्यभर मराठी साहित्य शिकवलेल्या माणसाकडून एखाद्या वाङ्मयीन विषयाची अपेक्षा असणार. मी निवडलेला विषय मात्र स्वयंपाकघरातला आहे: घरीच शिकणारी मुले आणि त्यांच्या घरातली काटकसरीची चूल.

शाळेच्या व्यासपीठावरून शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु अलीकडे काही तरुण जोडपी मला भेटतात. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे, सगळे घरी रांधायचे आणि थोडक्यात भागवायचे, असा त्यांचा संकल्प असतो. दहावी-बारावीच्या परीक्षांची सोय मुक्त विद्यालयामुळे झालेली आहेच. त्यांचे वेळापत्रक मी कौतुकाने पाहतो. त्यात बागकाम असते, पाव भाजणे असते, आकाशदर्शन असते. मग मी एक प्रश्न विचारतो आणि तो त्यांना बहुधा आवडत नाही. भांडी कोणत्या तासाला आहेत?

हा प्रश्न माझ्या मनात प्रथम पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना उद्भवला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पुण्यात तरुणपणी पाहिले आणि आपणही पत्नीला शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले, त्यावरून धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, उडुपीला पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधारे आपली बाजू मांडली, आणि सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे बिऱ्हाड थाटले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचा राबता असलेल्या त्या घरात आल्यागेल्याला जेवू घालता घालता शास्त्रीबुवा निष्कांचन झाले. मुलगी सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले आणि वर्षानुवर्षे फिरत राहिले. देवळात पुराण सांगायचे आणि श्रोते जे धान्य, फळे, पैसे ठेवतील त्यावर निर्वाह करायचा.

या कुटुंबात मुलीला शिकवले कोणी? वडील वृद्ध झाले होते. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर आईने त्यांचे शिक्षण हाती घेतले आणि त्या पंधरा वर्षांच्या होईपर्यंत चालवले. १८८७ मध्ये निघालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला डॉ. रेचेल बोडली यांची प्रस्तावना आहे. पहाटे आई लेकीला जागे करी आणि पाखरांची किलबिल चालू असताना पाठ देत असे, हे वर्णन तीत आले आहे. आपले बहुतेक व्याख्याते या प्रसंगातले काव्य पाहतात. मला त्यातले गणित दिसते. दिवस उजाडला की लाकूडफाटा, पाणी, दळण, रांधणे, वाढणे, उष्टीखरकटी. त्या बाईला स्वतःचा म्हणावा असा एकच प्रहर उरत होता, आणि तो झोपेतून काढलेला होता. त्या पहाटेच्या तासांतून बाराव्या वर्षापर्यंत अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. आपला ग्रंथ रमाबाईंनी आईच्याच स्मृतीला अर्पण केला, हे यथायोग्यच झाले.

त्याच १८५८ सालच्या जुलैत आपल्या या भोपाळात आणखी एक मुलगी जन्मली आणि तीही घरीच शिकली. नवाब सुलतान जहाँ बेगम. आजी सिकंदर बेगम यांच्या देखरेखीखाली त्यांचा दिवस तासातासाने आखलेला असे. त्यांनी पुढे १९०१ ते १९२६ राज्य केले, मुलींच्या शाळा काढल्या, आणि १९२० मध्ये त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. त्यांच्या धड्यासाठी मात्र कोणा आईला पहाटे उठावे लागले नसावे. वाड्यात खानसामे होते.

डोंगरे कुटुंबाच्या शिक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण स्वतः रमाबाईंनी १९०७ सालच्या आत्मकथनात ती निर्भीडपणे सांगितली आहे. दुष्काळ पडला तेव्हा या विद्वान कुटुंबाला पोट भरण्याचा कोणताच उद्योग येत नव्हता. मजुरी करणे कमीपणाचे वाटे. दागिने, उंची वस्त्रे, शेवटी तांब्यापितळेची स्वयंपाकाची भांडीही विकली गेली. जाड्याभरड्या तांदळाची अखेरची मूठ संपल्यावर अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भांडी विकावी लागणे म्हणजे काय, हे ज्याने चूल सांभाळली आहे त्यालाच नीट कळेल. दागिने विकले तर घर गरीब होते. भांडी विकली की रांधणेच संपते.

म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आपल्या या बाजूच्या मध्यप्रांतात आल्या, उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन गेल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी वाचन-लेखनाबरोबर हाताचे उद्योगही शिकवले. मुली विणत, छापखाना चालवत, शेतात राबत. पाठांतराच्या बळावर जिने पंडिता ही पदवी मिळवली तिनेच ही व्यवस्था लावली, हे विसरू नये. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामच्या नई तालीममध्ये स्वयंपाक आणि सफाई हे अभ्यासक्रमाचेच अंग झाले. तेथे मुलगेही पाळीने रांधायला जात. आमच्या घरी ही पाळी कधी आली नाही. ते आता सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला आली. माझे वडील त्यांतलेच एक कारकून. क्वार्टर मिळेपर्यंत जुन्या शहरात दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. वर्ष अर्धे सरलेले, मराठी शाळा जवळ नव्हती, हिंदी आम्हां मुलांना धड येत नव्हते. आईने आम्हां दोघां भावांना घरीच शिकवायला घेतले. ती स्वतः मराठी सातवी झालेली होती.

इंधन महाग म्हणून घरी भुशाची शेगडी होती. मधोमध बाटली उभी धरून सभोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली हलकेच उपसून घ्यायची. एकदा पेटली की ती दोन तास धुमसत राही, आणि तेवढाच आमचा शाळेचा वेळ. वरणाच्या वरच्या पाण्याचे सार होई, दोडक्याच्या शिरांची चटणी होई, शिळ्या पोळीला फोडणी मिळे, आणि महिनाअखेरीस ज्वारीच्या कण्या. आम्हांला यात कमतरता जाणवली नाही. मुलांना ती जाणवू नये यासाठी कोणी किती खपले, हे मुलांना कधीच ठाऊक नसते.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आईच्या गणिताला बहर आला. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. आईने पाटीवर मांडून दाखवले की चार आण्यांची भाजी एकदम घेतली तर पंचवीस पैसे पडतात आणि एकेका आण्याची चारदा घेतली तर चोवीसच! व्यवहारी अपूर्णांक मी या एका नव्या पैशावर शिकलो. भाजीवाला मात्र चारदा मोजून द्यायला कंटाळत असे.

या हिशोबापाशी विनोबांच्या आईची, रुक्मिणीबाईंची गोष्ट आठवते. त्यांनी देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता आणि त्या एकेक दाणा मोजत. नरहरराव म्हणाले, एक तोळा तांदूळ मोजून घे, त्यावरून लाखाचे वजन काढ. रुक्मिणीबाईंनी मुलाला विचारले, आणि विनोबांनी आईच्या मोजण्याची बाजू घेतली. प्रत्येक दाण्यासरशी देवाचे स्मरण होते, असे त्यांचे म्हणणे. गोष्ट सुंदर आहे. पुढे याच आईला गीता मराठीतून समजून घ्यायची होती. वामन पंडितांची समश्लोकी तिला अवघड वाटली, तेव्हा तूच लिही असे तिने मुलाला सांगितले. ‘गीताई’ पूर्ण झाली १९३१ मध्ये. रुक्मिणीबाई १९१८ मध्येच गेल्या होत्या.

आता आमच्या ताईविषयी. नागपूर सोडले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि वर्गात पहिली येत असे. आई आमच्याजवळ पाटी घेऊन बसे तेव्हा शेगडीजवळ ताई असे. पोळ्या लाटता लाटता ती आमचे शुद्धलेखन ऐके आणि चुकलेला ऱ्हस्वदीर्घ तिथूनच सांगे. जुलै १९५८ मध्ये आम्हां भावांना शाळेत घालायचे ठरले. त्या वेळी, ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्या बाई आमच्या घरी आल्या होत्या. त्यांनी आमची परीक्षा घेतली, आईला शाबासकी दिली आणि स्वयंपाकघराकडे पाहून विचारले, “आणि हिचं काय?”

वडील म्हणाले, “यंदा राहू द्या. घरात हात लागतो.”

बाई पुढल्या वर्षी पुन्हा आल्या. त्याच्या पुढल्या वर्षीही आल्या आणि येताना सातवी-आठवीची पुस्तके घेऊन आल्या. ती पुस्तके ताईने वाचली; परीक्षेला मात्र ती कधी बसली नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. माझे वडील दुष्ट नव्हते आणि माझी आई तर मुळीच नव्हती. तिला एकाच वेळी शेगडीशी आणि पाटीशी बसता येत नव्हते, एवढेच. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा सत्काराच्या भाषणात मी आईचे आभार मानले होते. ताई पहिल्या रांगेत बसलेली होती. तिचे नाव मी घेतले नाही. ते मला सुचलेच नाही, हे आज या व्यासपीठावरून सांगतो.

ताईने आता ऐंशी ओलांडली आहे. या व्याख्यानाच्या तयारीत मी तिला दूरध्वनीवर विचारले, त्या दीड वर्षात तू काय शिकलीस गं? तिने क्षणभर विचार केला आणि पावकी, निमकी, पाऊणकी धडाधड म्हणून दाखवली, पुढे दिडकीही. कुठेही अडखळली नाही. मग म्हणाली, “तुम्हांला येत नव्हती ना, म्हणून आई दहादा म्हणायची. मला आपोआप पाठ झाली.” नंतर तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गॅसवर दूध आहे म्हणून दूरध्वनी ठेवला.