सांगाड्याचा आकडा सात
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. डबा, छडी आणि वणीची सहल आधीच्या वक्त्यांनी संपवली, त्यामुळे मी एका पुस्तकाबद्दल बोलतो. खरं म्हणजे आमच्याकडे नसलेल्या पुस्तकाबद्दल.

आपण आठवीत होतो. १९८९ च्या दिवाळीच्या सुमारास माझे वडील कंपनीच्या कामासाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले आणि येताना फाउंटनच्या फुटपाथवरून तीस रुपयांना एक जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. वर ड्रॅगनचं चित्र होतं. त्यांना वाटलं, प्राण्यांची माहिती असेल, पोराचं इंग्रजी सुधारेल. पुस्तकाचं नाव ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. आत पानोपानी राक्षस, भुतं, नाग, सांगाडे आणि प्रत्येकापुढे आकड्यांची रांग. त्यात चक्क आपला ‘राक्षस’ही होता, त्याच नावाने! तोंड वाघाचं, अंगात झगा, हातात पाइप. मंतरलेला बाण लागला की मरतो, असं लिहिलेलं. माझ्या आजीने ते चित्र पाहून सांगितलं, “हा राक्षस नाही, हा कुणीतरी वकील आहे.”

मधल्या सुट्टीत ते पुस्तक आमच्या बाकावर उघडलं आणि पाच जणांचा अभ्यास संपला. हळूहळू कळलं की हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला, हे पुढे समजलं. त्याला सारीपाटासारखा पट लागत नाही. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो, “तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतोय.” बाकीचे सांगतात आपण काय करतो, आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पण खेळायचं कसं हे दुसऱ्याच पुस्तकांत होतं, ‘प्लेअर्स हँडबुक’ आणि ‘डंजन मास्टर्स गाइड’. आमच्याकडे नुसते राक्षस, नियम नाहीत.

मग शोध सुरू झाला. सातपूरहून सिटी बसने सीबीएसला उतरायचं आणि एमजी रोड, मेन रोड, रविवार कारंजा पायी पालथं घालायचं. “खेळाच्या नियमांचं पुस्तक आहे का?” असं विचारलं की समोर कबड्डीचे नियम यायचे, खो-खोचे यायचे. एका दुकानदाराने वाहतुकीचे नियम काढून दिले. ते आम्ही घेतलेही, कारण इतकं विचारून रिकाम्या हाताने बाहेर पडायची लाज वाटली. सार्वजनिक वाचनालयात आमच्यातल्या एकाच्या मावशीच्या कार्डावर दोन शनिवार कपाटं धुंडाळली. शेवटी सातपूर कॉलनीतल्या एका रद्दीच्या दुकानात ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे पातळ पुस्तक सापडलं. एकट्याने खेळायची गोष्ट, चारशे तुकड्यांत लिहिलेली. पण त्यात लढाईचे नियम होते आणि त्यांना साधे दोन फासे पुरत होते.

त्यावरून आम्ही आमचे नियम केले, दोनशे पानी वहीत, मराठीतून. अक्षर आमच्यातल्या सगळ्यात सुंदर अक्षराच्या मुलाचं. त्याचं नाव मी घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आता खाली बघतोय. त्याचे वडील एमआयडीसीत मिलिंग मशीनवर होते. राक्षसांच्या पुस्तकात कुठे एक ते आठ, कुठे एक ते वीस असे आकडे असत. आठ बाजूंचा फासा नाशकात कुठून आणणार? काकांनी नायलॉनच्या गजाला आठ सपाट बाजू पाडून, नंबर पंचने आकडे ठोकून दिले. सारीपाटाच्या पाशासारखा लांबट. विसाचाही करून दिला, पण तो इतका गोल झाला की थांबेचना, घरंगळत कपाटाखाली जायचा. मग विसासाठी तंबोल्याचे नंबर पिशवीतून काढायला लागलो.

आमचा किल्ला म्हणजे रामशेज. औरंगजेबाच्या फौजेला पाच वर्षांहून जास्त झुंजवणारा किल्ला सोडून पोरं दुसरीकडे कशाला जातील? खाली तळघरं आम्ही आमच्या पदरची घातली. सूत्रधार मी, कारण पुस्तक माझं.

आता मुद्द्यावर येतो.

प्रत्येक राक्षसापुढे चिलखताचा एक आकडा असे. मी ठरवलं होतं, आकडा मोठा तितका तो मारायला कठीण. दोन फाशांवर त्याहून जास्त पडलं तरच घाव बसणार. सांगाड्याचा आकडा सात. लाल ड्रॅगनचा उणे एक. ती मला छपाईची चूक वाटली, पण नियम म्हणून तीच चालवली, आणि एकाने दोन घावांत ड्रॅगन लोळवला. पुढच्या रविवारी अक्षरवाल्याचा योद्धा साध्या सांगाड्यापुढे उभा राहिला आणि सलग सहा वेळा चुकून मेला. दीड वर्ष सांभाळलेला योद्धा. तो म्हणाला, “तू उलटं वाचतोयस. वर्गात पहिला नंबर मोठा की चाळिसावा?” मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “नियम म्हणजे नियम.” तो वही टाकून उठून गेला.

ही नववीच्या शेवटची गोष्ट. त्याच उन्हाळ्यात त्याच्या वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं आणि घरचे सगळे गावी गेले. मला ते शाळा उघडल्यावर कळलं. वही माझ्याकडेच राहिली. त्याचा पत्ता मिळवता आला असता. मी मिळवला नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला तिच्या कॉलेजात हाच खेळ खेळताना पाहिलं. आता नियम शोधावे लागत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने मूळ नियमांचा मोठा भाग कुणीही वापरावा म्हणून खुला केला. मी तिला १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ची प्रत मिळते का बघायला सांगितलं. तिने पाच मिनिटांत विकत घेऊन पडद्यावर दाखवली. ज्यासाठी आम्ही नाशिक पालथं घातलं ते पान माझ्यासमोर होतं. चिलखत नसलेल्या माणसाचा आकडा दहा. अंगभर लोखंड आणि ढाल असेल तर दोन. लहान तितका चांगला. मुलगी म्हणाली, “बाबा, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी हे उलटं केलंय, म्हणजे तुम्ही काळाच्या पुढे होतात.” छान पळवाट आहे, पण आमचं पुस्तक १९७७ चं होतं.

तेव्हा मित्रा, सगळ्यांसमोर सांगतो: तुझं बरोबर होतं. तू मेला नव्हतास. वही आणली आहे. पान एक्केचाळीसवर तुझ्या योद्ध्याच्या नावावर मी लाल पेनाने काट मारली होती, ती काल व्हाइटनरने खोडली, जरा घाण झालंय. काकांचा आठाचा फासाही आहे. विसाचा बहुतेक अजून आमच्या जुन्या घरच्या कपाटाखाली असेल.

जेवणानंतर आपल्या नववी ‘ब’च्या वर्गात बसू. संयोजकांकडे तंबोला आहे, मी विचारून ठेवलंय. सांगाडा समोर उभा आहे आणि पाळी तुझी आहे.