मोळी कुणाच्या डोक्यावर?

(वस्तीतल्या वाचनालयाच्या पहिल्या सभेत केलेलं भाषण)



मला सांगण्यात आलं की तू कविता करतोस, तर पोरांना चांगली पुस्तकं कोणती ते सांग. मी प्राध्यापक नाही. दहावी पास, म्हणजे आमच्या बापाच्या भाषेत मॅट्रिक, आणि तिथून सरळ गोदीत. मुकादमानं नाव पुकारलं तर पाळी, नाही पुकारलं तर घरी. तेव्हा समीक्षा वगैरे माझ्याकडं मागू नका. पण ओझं म्हणजे काय ते मला कळतं. ओझं कुणी बांधलं, कुणाच्या खांद्यावर ठेवलं आणि हिशेब कुणाच्या वहीत लागला, हे मी रोज बघतो. पुस्तकंही मी तशीच बघतो.

आधी 'चांगलं' या शब्दाचं बघू. हा शब्द आपल्याला वरून मिळालेला आहे. चांगली वस्ती म्हणजे आपण राहत नाही ती. चांगली भाषा म्हणजे आपली आई बोलत नाही ती. चांगल्या घरची माणसं म्हणजे कोण, ते सांगायला नको. मग चांगलं पुस्तक तरी कुठलं असणार? शाळेत बक्षीस देतात ते.

बक्षिसात बहुतेक वेळा मिळतं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. वाचायचं की नाही? वाचायचं. बिनधास्त वाचायचं. त्यात एक म्हातारी महारीण आहे. तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडलीय आणि ती कुणालाच 'उचलून दे' म्हणू शकत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईनं एवढं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढं १९४७ साली गुरुजी पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, तेही विसरायचं नाही. पण आंघोळ श्यामनं केली. ती म्हातारी मोळी घेऊन कुठं गेली? मोळीचे किती पैसे आले? घरी चूल पेटली का? ते त्या पुस्तकात नाही. असणारही नाही, कारण ते पुस्तक मोळी उचलून देणाऱ्याचं आहे.

मोळी वाहणारीचं पुस्तक दुसरं आहे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. पुस्तक म्हणून ते १९८६ साली आलं. त्यात महारवाड्यातल्या बाया लाकडं विकायला ब्राह्मण आळीत जातात. घरातली बाई लांबूनच बजावते, काटकी न् काटकी नीट बघा, तुमचा केस नाहीतर लुगड्याचा दोरा अडकलेला असला तर आमचं घर बाटेल. लाकूड चालतं, लाकडाला चिकटलेला केस चालत नाही! ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचा. मोळी तीच, पण पहिल्या पुस्तकात ती दिसते आणि दुसऱ्यात तिचं वजन मानेवर येतं.

म्हणून माझी कसोटी एवढीच. कुठलंही पुस्तक हातात घ्या, बामणाचं असो, आपल्या माणसाचं असो, रशियातलं असो, आणि त्याला विचारा: मोळी कुणाच्या डोक्यावर आहे? ज्या पुस्तकात मोळीच दिसत नाही, ते कितीही गोड भाषेत असो, ते काहीतरी लपवतंय.

फुटपाथवर ढिगानं पुस्तकं मिळतात. श्रीमंत कसं व्हायचं, यशस्वी माणसं काय करतात. पहाटे पाचला उठा म्हणतात. माझी आई चारला उठते, नळाला पाणी तेव्हाच येतं म्हणून. तिला अजून कुणी यशस्वी म्हटलेलं नाही. ही पुस्तकं सांगतात की तू गरीब आहेस, कारण तुझे विचार गरीब आहेत. म्हणजे मोळी डोक्यावर ठेवणारा सुटला आणि वाहणारा गुन्हेगार झाला! परीक्षेची गाईडं ठेवा, माझी ना नाही. नोकरी लागली पाहिजे, भाकरी मिळाली पाहिजे. पण गाईड परीक्षेपर्यंत नेऊन सोडतं. पुढच्या रस्त्याला दुसरी पुस्तकं लागतात.

आता काही जण म्हणतील, वाचून काय होतं? हा प्रश्न आपल्यालाच का विचारतात? वाचून काहीच होत नसतं, तर आपल्याला इतकी शतकं अक्षरापासून लांब ठेवायचा खटाटोप केला असता का?

अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा काळा गुलाम पोर होता. बाल्टिमोर शहरात मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली. मालकानं थांबवलं. त्याचं म्हणणं, वाचायला शिकला की हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. त्या पोरानं ओळखलं की मालक ज्याला घाबरतो तेच आपण केलं पाहिजे. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो भाकरीचे तुकडे द्यायचा आणि त्यांच्याकडून शब्द शिकायचा. लिहायला शिकला तो जहाजं बांधायच्या कारखान्यात. लाकडाचा तुकडा जहाजाच्या डाव्या बाजूचा की उजव्या, हे कळावं म्हणून सुतार त्यावर अक्षर काढायचे. ते बघून हा अक्षरं गिरवायचा. १८३८ साली तो गुलामीतून पळाला आणि १८४५ साली त्यानं स्वतःच्या जिण्याचं पुस्तक लिहिलं. ते मिळवून वाचा. मला तर ते गोदीतल्याच कुणाचं वाटतं. आमच्या पेट्यांवरही खुणा असतात. पेल्याचं चित्र म्हणजे आतला माल फुटेल, जपून ठेवा. छत्री म्हणजे भिजवू नका. माल उचलणाऱ्या माणसाच्या पाठीवर असली खूण कुणी छापत नाही.

रिचर्ड राइट हाही काळाच, शंभरेक वर्षांनंतरचा. मेम्फिस शहरातल्या वाचनालयातून काळ्यांना पुस्तकं मिळत नव्हती. यानं बरोबर काम करणाऱ्या एका गोऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि त्या गोऱ्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहिली की या पोराजवळ पुस्तकं द्या. आपण निरोप्या आहोत असं भासवून त्यानं पुस्तकं आणली आणि रात्री वाचली. हे सगळं त्याच्या 'ब्लॅक बॉय'मध्ये आहे, साल १९४५. आपल्याकडं कार्ड आहे आणि चिठ्ठी खोटी लिहायची गरज नाही. तरी वाचत नसू, तर राइटला काय तोंड दाखवणार?

आता आपल्या मातीत या. जोतीराव फुल्यांनी विशीत, १८४७च्या सुमारास, टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका बघा. अमेरिकेतल्या काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या तिथल्या लोकांना ती आहे. डग्लसच्या बेड्या आणि आपल्या बेड्या एकाच लोखंडाच्या, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखलं. 'गुलामगिरी' धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सवाल-जबाबात आहे. दोघांनी दोन बाजू मोठ्यानं वाचल्या तर एकदम सोपं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मातंग समाजातली. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. इथं चौदा वर्षांच्या किती जणी बसल्यात? हात वर करा. तुमच्या वयाच्या पोरीनं तेव्हा धर्मालाच जाब विचारला होता. त्या निबंधापासून सुरुवात करा. थोडीच पानं आहेत.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. याच केळुसकरांनी पुढं सयाजीराव गायकवाडांकडं भीमरावांसाठी शब्द टाकला. एका मॅट्रिक पोराच्या हातात एक पुस्तक. त्याचं पुढं काय झालं, ते १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात जगानं पाहिलं. मध्ये एकोणपन्नास वर्षं गेली. पुस्तक लगेच काही करत नाही, पण आत जाऊन बसतं.

केळुसकरांनी ते पुस्तक हार घालायला दिलं नव्हतं, ही गोष्ट आपण विसरलो. आपल्या वस्त्यावस्त्यांत बाबासाहेबांचे खंड काचेच्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप, किल्ली पुढाऱ्याच्या खिशात. १४ एप्रिलला हार आणि ६ डिसेंबरला मेणबत्ती. ज्या माणसानं पुस्तकांसाठी राजगृह बांधलं, त्याचीच पुस्तकं आपण कोंडून ठेवलीत. साला, ही कुठली भक्ती?

एकदम जाडे खंड उचलू नका. 'जातिप्रथेचे उच्चाटन' घ्या. हे न झालेलं भाषण आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, मग भाषण वाचून घाबरलं आणि काही भाग काढा म्हणालं. बाबासाहेब स्वल्पविरामसुद्धा बदलायला तयार झाले नाहीत. परिषद रद्द झाली. त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं, पंधराशे प्रती. दोनेक महिन्यांत संपल्या. एका वेळी पाच पानं वाचा. अडलं तर खूण करा, पुढं जा, परत या.

आता कष्टकऱ्यांची पुस्तकं. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले. त्यांची 'फकिरा' १९५९ची, बाबासाहेबांना अर्पण केलेली. पण तुम्ही आधी त्यांची 'स्मशानातलं सोनं' ही गोष्ट वाचा. खाणीतलं काम सुटलेला भीमा पोटासाठी मढी उकरतो आणि त्यात बोटं गमावून बसतो. खाण पुन्हा सुरू होते, तेव्हा काम करायला बोटंच नाहीत. ज्याचं काम एका सकाळी सुटलंय, त्याला ही गोष्ट समजवायला शिक्षक लागत नाही. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. रेल्वेतला तरुण जात लपवून राहतो आणि जात कळल्यावर मार खातो. आज भाड्यानं खोली बघायला जा, आडनाव विचारतात की नाही? नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ', १९६६. त्याच्याच शेजारी मॅक्झिम गॉर्कीचं 'मेरे विश्वविद्यालय' ठेवा, हिंदीत आहे. कझान शहरात शिकायला आलेला हा पोरगा व्होल्गा नदीवर हमाली करतो. खडकावर आपटलेल्या बार्जमधला माल रात्रभर पावसात उतरवतात, ते पान वाचताना माझे खांदे दुखले आणि छातीही फुगली. हमालीत अपमान असतो तसा जोरही असतो, हे त्यानं लिहिलंय.

नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा', १९७२. काही शब्द समजणार नाहीत. काळजी नको. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे, त्यांनाही कितीतरी शब्दांचे अर्थ विचारावे लागले होते. एकदा तरी असं झालं की त्यांना आपली भाषा विचारावी लागली! दया पवारांचं 'बलुतं', १९७८. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', १९८०. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', १९८७. आपल्याहूनही खाली ढकललेली माणसं आहेत, हे शेवटची दोन वाचून कळेल.

आणि भावांनो, कसोटी आपल्यालाही लावायची. उर्मिला पवारांचं 'आयदान', २००३, आणि 'जिणं आमुचं' पोरांनी आधी वाचायचं. त्यात मोळी बायकांच्या डोक्यावर आहे आणि ती ठेवणाऱ्यांत आपलेही बाप-आजे आहेत. बेबीताईंनी दुकान सांभाळत पुड्या बांधायची रद्दी वाचली आणि स्वतः लिहिलेलं वीसेक वर्षं घरातल्या माणसांपासून लपवून ठेवलं. कुणाच्या भीतीनं? गावातल्या पाटलाच्या नव्हे. हे वाचताना राग आला तर पुस्तक फेकू नका, दोन दिवसांनी परत उघडा.

यादी झाली. आता या वाचनालयाबद्दल माझ्या मागण्या आहेत आणि त्या आजच मंजूर झाल्या पाहिजेत. एक, कपाटाला कुलूप नको. पुस्तक चोरीला गेलं तर कुणीतरी वाचतंय असं समजू. दोन, पुस्तक घरी न्यायला मिळालं पाहिजे. पोरींना संध्याकाळी इथं बसू देत नाहीत आणि रात्रपाळीवाल्याला दिवसा इथं यायची ताकद नसते. तीन, दर शनिवारी रात्री कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्या आमच्या आया पुढं बसतील, आणि मोळीचं पान आलं की पुढचं त्याच सांगतील. ते सांगणं कुणीतरी लिहून घ्यायचं. ते आपलं पुढचं पुस्तक.

वही इथं टेबलावर आहे. नाव, पुस्तकाचं नाव, तारीख. रांग लावा आणि पोरींना पुढं घ्या.

जयभीम.