घामाचं मीठ आणि छातीचा पट्टा

आजचा विषय वरवर छोटा आहे. पळताना किंवा सायकल चालवताना आपण छातीला जो हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधतो, त्याला घामाने गंज कसा लागतो आणि तो कसा टाळायचा, एवढंच बोलायचं आहे.

हे बोलायला बोम्मसंद्रासारखी जागा नाही. बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर, १० ऑगस्ट २०२५ला सुरू झालेल्या पिवळ्या मेट्रोचं हे शेवटचं स्टेशन. एकीकडे औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे नारायणा हृदयालय. म्हणजे धातूला जपणारी माणसं आणि हृदयाला जपणारी माणसं एकाच रस्त्याने कामावर जातात. आपल्या पट्ट्यात हे दोन्ही विषय एकत्र येतात.

बारीक मापाचे पार्ट करणाऱ्या कारखान्यांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. काही माणसांचा हात लागला, की चकचकीत पोलादावर दुसऱ्या दिवशी बोटांचे तांबूस ठसे उमटतात. इंग्रजीत अशा माणसाला ‘रस्टर’ म्हणतात. त्याचा दोष काही नसतो, त्याच्या घामाची घडणच तशी असते. म्हणून तपासणीच्या टेबलावर हातमोजे घालतात. एका बोटाचा घाम जर एवढं करत असेल, तर तासभर छातीवर भिजणाऱ्या पट्ट्याचं काय होत असेल?

आधी पट्ट्याचं काम समजून घेऊ. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२मध्ये हृदयाचे ठोके मोजणारं पहिलं बिनतारी, अंगावर घालायचं यंत्र बाजारात आणलं. तत्त्व आजही तेच आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छातीच्या कातडीवर साधारण एक मिलिव्होल्टचा विजेचा उसळा येतो. एक व्होल्टचा हजारावा भाग. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन वीजवाहक तुकडे, म्हणजे इलेक्ट्रोड, तो टिपतात. तिथून तो दोन टिचबटणांमधून पुढच्या डबीत, म्हणजे सेन्सरमध्ये जातो आणि सेन्सर आकडा घड्याळाला पाठवतो. एवढा नाजूक संदेश त्या दोन टिचबटणांवर अवलंबून असतो. तिथे पातळसा थर चढला, तरी संदेश अडखळतो.

आता घाम. जोराच्या व्यायामात तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. एका लिटरमध्ये माणसागणिक साधारण एक ते पाच ग्रॅम मीठ असतं, शिवाय थोडं लॅक्टिक आम्ल आणि युरिया. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असतं, त्यामानाने घाम फिकाच. पण घामातलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. उद्या त्यावर नवा घाम, परवा आणखी. टिचबटणाच्या खाचेत काही दिवसांत चांगलंच कडक खारं पाणी तयार होतं.

मिठातला क्लोराइड हा खरा उपद्रवी. स्टेनलेस स्टीलवर एक अदृश्य संरक्षक पापुद्रा असतो. क्लोराइड तो ठिकठिकाणी फोडतो आणि तिथे बारीक खड्डे पडतात. खाचेत हवा कमी पोचते, त्यामुळे तो पापुद्रा पुन्हा धरत नाही. म्हणून गंज टिचबटणाच्या आतच सुरू होतो, बाहेरून दिसत नाही. बटणाच्या मुलाम्याखाली पितळ असेल तर हिरवट थर दिसतो. आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू देत नसत, कारण ते कळकतं. आंबट आणि खारट मिळून तांब्याला खातात, तेच इथे घडतं. फरक इतकाच, की इथे कळकतो तो आकडा.

आणखी एक गोष्ट. ओला पट्टा सेन्सरला जोडलेलाच राहिला, तर बऱ्याच सेन्सरना वाटतं की माणसाने पट्टा अजून घातलेलाच आहे. ते चालूच राहतात. सेल उतरतो, आणि दोन बटणांमध्ये अगदी बारीक प्रवाह वाहत राहिल्याने गंजाचा वेगही वाढतो.

‘पण माझा पट्टा तर दोरीवर वाळतो,’ असं कोणी म्हणेल. वाळला म्हणजे सुटला असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. पावसाळ्यात कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कशी पाझरते ते आठवा. रत्नागिरीत, मुंबईत जुलैमध्ये न धुतलेला पट्टा कपाटात बसल्याबसल्या गंजत असतो. बंगळुरूची हवा त्यामानाने कोरडी, पण इथेही पावसाळ्यात ओला पट्टा स्कूटरच्या डिकीत ठेवून ऑफिसला गेलात, तर डिकीत तुम्ही कोकणच तयार केलेलं असतं.

मग करायचं काय? व्यायाम संपला की सेन्सर लगेच काढा. पट्टा वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट धरा, इलेक्ट्रोड आणि बटणं बोटाने चोळा. बोअरचं जड पाणी असेल तरी चालेल, न धुण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. शेवटी तांब्याभर पिण्याचं पाणी ओता, म्हणजे क्षारांचे डाग राहणार नाहीत. पिळू नका. सावलीत पसरून वाळवा. सेन्सरची बटणं मऊ फडक्याने कोरडी करा. आठवड्यातून एकदा पट्टा सौम्य साबणाने धुवा. ब्लीच, कपडे मऊ करणारं द्रव आणि इस्त्री वर्ज्य.

बटण हिरवं दिसलं म्हणून चिंच, लिंबू किंवा पितांबरी घेऊन बसू नका. देवघरातल्या समईला ते ठीक. इथे वरचा मुलामा फार पातळ असतो, तो घासला की खालचं पितळ उघडं पडतं. पॉलिश पेपरचंही तेच. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यानेच काय निघेल ते काढा.

सेल बदलताना त्यावरचा आकडा बघा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी, सीआर २०२५ची जाडी २.५. एकाच्या जागी दुसरा बसवू नका. सेल कडेने धरा आणि झाकणाचा रबरी वायसर नीट बसलाय ना ते पाहा, कारण घाम तिथूनच आत शिरतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, तो गिळला गेला तर जिवावर बेततं.

बिघाड ओळखायचा कसा? सुरुवातीची पाच मिनिटंच आकडा उड्या मारत असेल, तर इलेक्ट्रोड कोरडे आहेत. बांधण्याआधी ते पाण्याने ओले करा. घाम आल्यावरही आकडा तुटत असेल, तर त्याच कंपनीचा दुसरा पट्टा लावून बघा. त्याने सुधारलं तर सेन्सर ठीक आहे, फक्त पट्टा बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पट्टा नुसते पळणारेच वापरत नाहीत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना डॉक्टरांनी ‘ठोके एवढ्याच्या वर जाऊ देऊ नका’ असं सांगितलंय, तेही वापरतात. त्यांनी २२० वजा वय हे गणित लावू नये. बीटा ब्लॉकर गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे डॉक्टरांचा आकडाच खरा. पेसमेकर असेल तर पट्टा वापरण्याआधी विचारा.

गंजलेला पट्टा सारखा १९०, २१० असं ओरडत राहतो. मग आपण म्हणतो, ‘सोड, पट्टाच खराब आहे.’ लांडगा आला रे आला, तसंच. ज्या दिवशी ठोके खरोखर बिघडतील, त्या दिवशीही आपण पट्ट्यालाच दोष देऊ. पट्टा धुण्याचं खरं कारण हे आहे. पैसे वाचतात ते वेगळंच.

म्हणून एक सवय लावा. आकडा विचित्र दिसला की थांबा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. बोटांखालचे ठोके शांत आणि नियमित असतील, तुम्हालाही बरं वाटत असेल, तर पट्टा तपासा. नाडी खरोखर वेगात किंवा अनियमित लागली, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखत असेल, घेरी येत असेल, दम लागत असेल, तर आकडा काहीही असो, मोजत बसू नका. १०८ला फोन करा. महाराष्ट्रातही तोच नंबर, कर्नाटकातही तोच.

बाकी रोजचं काम अर्ध्या मिनिटाचं. घरी आलात की पट्टा आधी नळाखाली धरा, मग चहा.