मुलांच्या डब्यातील सँडविच



मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला बाकावर डोके टेकून बसणाऱ्या एका मुलाला आळशी समजून मी रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा पाहिला. त्यात पांढऱ्या पावाचे दोन काप आणि मध्ये जॅम, एवढेच होते. सकाळी तो चहाबिस्किटांवरच शाळेत आला होता. माझी मलाच लाज वाटली.

जॅममध्ये साधारणतः निम्म्याहून अधिक साखर असते. मैदा करताना गव्हाचा कोंडा व अंकुर निघून जातात आणि त्यांबरोबर चोथा, लोह व ब जीवनसत्त्वे यांचा मोठा भागही जातो. अशा खाण्याने पोट भरल्यासारखे वाटते, परंतु भूक लवकरच परतते.

म्हणून सँडविच बंद करा, असे मी म्हणत नाही. मुलांस ते आवडते आणि मातांची सकाळची घाई मी जाणतो. फक्त आतले-बाहेरचे पदार्थ बदलावेत. आपल्या गोव्यात पोदेर पहाटे सायकलवर पोय आणतो. ती कडेला चिरली की पिशवीसारखी उघडते व आतले सारण सांडत नाही. मात्र वर कोंडा भुरभुरला म्हणजे पोय गव्हाच्या पिठाची झाली असे नव्हे. पोदेराला विचारून घ्यावे.

मूठभर भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर, मीठ व लिंबू यांची घट्ट चटणी वाटावी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. ज्या मुलास शेंगदाणा सोसत नाही, त्याच्यासाठी डाळे वापरावे. चटणी पोयीच्या आतून लावावी. वर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, किसलेले गाजर आणि काकडी घालावी. काकडीतील बिया काढून ती फडक्याने टिपून घ्यावी, म्हणजे पोय ओली होत नाही. गोडच हवे असा हट्ट असेल, तर शेंगदाण्याचे बिनसाखरेचे वाटण आणि पिकल्या केळ्याच्या चकत्या द्याव्यात.

त्या मुलाच्या आईस मी हे सुचविले. पहिले काही दिवस डबा अर्धा परत गेला. मग तिने अंडे सोलण्याचे व काकडी पुसण्याचे काम त्याच्याकडेच सोपविले. स्वतः भरलेली पोय मात्र तो संपवू लागला. मित्रांनाही त्यातला तुकडा देऊ लागला.

पेंगणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी आता मी त्याने काय खाल्ले, हे विचारतो. आपणही आज आपल्या मुलाचा डबा एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.